नवव्या गड्याची पाळी

सहामाही परीक्षा उरकते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येतात आणि दिवाळीच्या सुटीची घंटा होते, तेव्हा आम्हा मास्तरमंडळींना वर्षाचा जमाखर्च मांडण्याची लहर येते. फराळाचे ताट पुढे असताना भांडण काढू नये, एवढा शिष्टाचार मलाही ठाऊक आहे. तरीही यंदा मी एक भांडण घेऊनच आलो आहे. ते आहे लहान मुलांच्या खो-खोच्या नियमांविषयी. एवढ्याशा गोष्टीसाठी दिवाळी अंकाची पाने कशाला अडवायची, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांचे पोर आहे, आणि ते पोर शाळेच्या संघात नाव लागावे म्हणून रोज संध्याकाळी अंगणात धावते आहे, त्यांनी चकली मोडता मोडता माझे म्हणणे ऐकावे, एवढीच विनंती.

मी मराठीचा मास्तर. माझा मैदानाशी संबंध प्रार्थनेपुरता. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या क्रीडाशिक्षकांना ऐन वेळी ताप भरला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांचा संघ तालुक्याच्या स्पर्धेला घेऊन जाण्याची कामगिरी माझ्यावर येऊन पडली. भुरभुर पाऊस चालला होता. फक्कीच्या रेघा पुसत होत्या आणि पुन्हा मारल्या जात होत्या. पळतीच्या मुलांची नावे क्रमाने लिहून गुणलेखकाकडे द्यावी लागतात. ती यादी मी माझ्या हाताने लिहून दिली. क्रीडाशिक्षकांनी अंथरुणातून सांगितलेला क्रमच मी उतरवला होता. पहिले तिघे पळण्यात वाकबगार, मधले तिघे बरे, शेवटचे तिघे यथातथा. नववे नाव सहावीतल्या एका किडकिडीत मुलाचे होते.

आमच्या पहिल्या तिघांनी काय बहारीची पळती केली म्हणता! साडेपाच मिनिटे ते समोरच्या संघाला झुलवत राहिले. उरलेल्या दीड मिनिटात दुसऱ्या तुकडीतले दोघे बाद झाले आणि शिट्टी वाजली. दुसऱ्या डावातही थोड्याफार फरकाने हेच झाले. तिसरी तुकडी दोन्ही वेळा रेघेबाहेरच राहिली. आमच्या मारतीच्या वेळी हा नववा गडी मधल्या एका पाटीवर उकिडवा बसला होता. परंतु चारपाच चपळ मुले आपापसांतच खो देत-घेत होती, आणि याच्या पाठीमागे येऊन कोणीही 'खो' म्हटले नाही. सामना आम्ही दोन गुणांनी जिंकला. पोरांनी मला खांद्यावर घेण्याचाही प्रयत्न केला. माझ्या वजनामुळे तो फसला.

परतताना एस. टी.त तो मुलगा माझ्याच शेजारी बसला होता. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून झाल्यावर त्याने हळूच विचारले, "सर, मी खेळलो का?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा तो म्हणाला, "आई विचारेल ना. खेळलो म्हणून सांगू का?"

मी मनात हिशेब केला. सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, म्हणजे सामना अठ्ठावीस मिनिटांचा. त्यांतली चौदा मिनिटे हा पाटीवर बसून होता आणि चौदा मिनिटे रेघेबाहेर उभा होता. यादीत त्याचे नाव होते, पाठीवर क्रमांक होता, गुडघ्याला चिखलही लागला होता. फक्त तो एक पाऊलही धावला नव्हता. मी म्हणालो, "सांग की." मराठीच्या मास्तराने एका क्रियापदाचा इतका सैल अर्थ यापूर्वी कधी लावला नसेल.

तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आणि म्हणूनच खो-खो अधिक वेगवान कसा करावा, अधिक प्रेक्षणीय कसा करावा, अशी चर्चा कानावर आली की मला राहवत नाही. या चर्चेत दोन पक्ष आहेत, आणि माझे भांडण दोघांशीही आहे.

पहिला पक्ष म्हणतो, नियमांना हात लावू नका. हा आपल्या मातीतला, पूर्वापार चालत आलेला खेळ आहे. या मंडळींची भक्ती खरी, पण इतिहास कच्चा. खेळ जुना असेल. नियम जुने नाहीत. खो-खोचे नियम नीट बांधण्यासाठी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने समिती नेमली ती 1914 साली. बडोद्याच्या जिमखान्याने नियमांचे पुस्तक छापले ते 1924 साली. पुढे 1928 साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ निघाले आणि त्याने 1930 नंतरच्या दशकात या खेळाची घडी पुन्हा बसवली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा विजयवाड्याला 1959-60 साली झाली. मैदानाची मापे फुटांतून मीटरांत आली. ज्या खेळाचे नियम आपल्या आजोबा-पणजोबांनी विचार करून, वाद घालून, पुनःपुन्हा बदलून घडवले, त्या खेळाचे नियम बदलण्याचा विचार करणे म्हणजे परंपरा मोडणे नव्हे. तीच तर त्यांची परंपरा आहे.

दुसरा पक्ष नव्या दमाचा आहे. त्याच्या तोंडी दूरदर्शन संचावर पाहिलेल्या खो-खोचे कौतुक असते, आणि ते कौतुक योग्यच आहे. 2022 साली पुण्यात अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत अंतिम सामन्यात भारताने नेपाळला हरवले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे होते. तो चषक उंचावलेला पाहताना माझ्याही डोळ्यांत पाणी आले, हे मी लपवीत नाही. या नव्या खेळात मातीऐवजी मॅट आहे, नवाऐवजी सात गडी आहेत, दोन्ही दिशांना धावू शकणारा 'वजीर' आहे. अल्टिमेट खो-खोत तर एका बादीला एकाऐवजी दोन गुण मिळू लागले, आणि सूर मारून किंवा खांबावरून झेपावून गडी टिपला तर त्याहूनही अधिक. आकडे भराभर चढतात, पाहणाऱ्याला उठावेसे वाटत नाही.

येथवर माझे काहीच भांडण नाही. भांडण सुरू होते ते या पक्षातली मंडळी 'हेच नियम आता शाळेत आणा, म्हणजे मुलांच्या खेळालाही वेग येईल' असे म्हणू लागतात तेव्हा. वेग म्हणजे काय, हे त्यांनी एकदा सांगावे. फलकावरचा आकडा दुप्पट झाला म्हणून मैदानावरचा मुलगा दुप्पट धावत नाही. एक गुणाच्या जागी दोन गुण लिहिले तर वाढतो तो गुणलेखकाचा वेग! सूर मारण्याला जास्त गुण दिले, तर मॅटवर सराव केलेला तेवीस वर्षांचा जवान सुंदर सूर मारतो. तेच आमिष बारा वर्षांच्या पोराला मुरमाच्या मैदानावर दाखवले, तर ते हनुवटी फोडून घेते. आपल्या किती शाळांत मॅट आहे? मॅट राहू द्या. खडे वेचलेले, पाणी मारलेले, भुसभुशीत मैदान तरी किती शाळांत आहे? आणि 'वजीर' कोण होणार? जो आधीच सगळ्यांत चपळ आहे तोच. म्हणजे ज्याच्याकडे खो सारखा येतच होता, त्याच्याकडे तो आणखी येणार, आणि माझा नववा गडी पाटीवर आणखी निवांत बसणार.

मी नियमबदलाचा शत्रू नाही, हे सांगण्यासाठी कबड्डीचे उदाहरण देतो. जुन्या कबड्डीत चढाईला मर्यादा होती ती दमाची. दमदार गडी मधल्या रेघेजवळ घुटमळून वेळ काढी, आघाडीवर असलेला संघ तर मुद्दामच काढी, आणि लोक जांभया देत. मग चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवा नाहीतर बाहेर व्हा, असा नियम आला. खेळ खडबडून जागा झाला. का झाला? तर तो नेमका कोठे झोपत होता हे नियम करणाऱ्यांनी आधी शोधले आणि तेथेच बोट ठेवले. वैद्यसुद्धा नाडी पाहूनच मात्रा देतो. मुलांच्या खो-खोची नाडी मात्र कोणी पाहत नाही. टीव्हीवरच्या पहिलवानाची मात्रा उचलून पोराला पाजायला निघतात.

तर मुलांचा खो-खो झोपतो कोठे? मैदानाच्या कडेला दोन तास उभे राहा, म्हणजे तुम्हालाही दिसेल. समोर पळणारे तिघे असतात आणि मागे धावणारा एक. एवढे चारजण जिवाच्या आकांताने धावत असतात. आठजण पाट्यांवर बसलेले असतात; त्यांच्यातल्या निम्म्यांना खो मिळतो, निम्म्यांना मिळत नाही. पळणाऱ्या संघाचे उरलेले सहाजण बाहेर आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. दोन्ही संघांचे तीन-तीन राखीव गडी सगळ्यांचे दप्तर सांभाळत असतात. पहिली तुकडी जितकी चांगली, तितकी बाकीच्यांची झोप गाढ. मोठ्यांच्या खेळात हे चालते, किंबहुना शोभतेही. एखाद्या नामांकित खेळाडूने एकट्याने चार मिनिटे काढली तर आपण तिकीट काढून ते पाहू. परंतु बारा वर्षांच्या मुलांचा सामना पाहणाऱ्यांसाठी नसतो, खेळणाऱ्यांसाठी असतो. तेथे वेग मोजायचा असेल तर तो किती पाय हलतात यावर मोजला पाहिजे. आणि न्याय मोजायचा असेल तर तोही त्यावरच. म्हणूनच मी म्हणतो, लहान मुलांच्या खेळात वेग आणि न्याय या दोन निरनिराळ्या मागण्या नाहीतच. नवव्या गड्याला पाळी द्या. खेळ आपोआप वेगवान होतो.

हे कसे साधायचे? माझे उत्तर चौथीच्या गणिताचे आहे. सात मिनिटांची पाळी, तीन-तीन मुलांच्या तीन तुकड्या. सातला तिनाने भागा. दोन मिनिटे वीस सेकंद येतात, आणि बाकी काही उरत नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी: चौदा वर्षांखालच्या गटात कोणत्याही तुकडीने दोन मिनिटे वीस सेकंद पळती केली की शिट्टी व्हावी, जे नाबाद असतील त्यांनी टाळ्या घेत बाहेर यावे आणि पुढच्या तिघांनी आत जावे. नाबाद परतणाऱ्या प्रत्येकासाठी त्याच्या संघाला एक गुण द्यावा, म्हणजे चांगल्या पळणाऱ्याची मेहनत वाया जाणार नाही. तुकडी आधीच बाद झाली तर पुढची लगेच आत येईल; तिसरी तुकडी संपून वेळ उरला तर आजच्यासारखीच पुन्हा पहिली. पाहा, सात मिनिटांत नऊच्या नऊ मुले मैदानात उतरल्यावाचून राहत नाहीत. आणि वेगाचे म्हणाल, तर मारती करणाऱ्यांनाही आता घाई करणे भाग आहे; कारण गडी टिपायला त्यांच्या हाती सात मिनिटे नाहीत, दोन मिनिटे वीस सेकंदच आहेत.

दुसरी सूचनाही गणिताचीच. संघ बाराजणांचा असतो, खेळतात नऊ. दोन डावांत पळतीच्या पाळ्या दोन. दोन नवे अठरा. बारा मुलांसाठी अठरा जागा! प्रत्येकाला एकदा तरी पळतीला मिळेल आणि जे खरोखर चांगले आहेत अशा सहाजणांना दोन्ही वेळा मिळेल. तेव्हा नियम असा असावा की बारापैकी प्रत्येक मुलगा दोनपैकी एका पाळीच्या यादीत असलाच पाहिजे. दप्तरे सांभाळायला मास्तर आहेत.

तिसरी सूचना सुराबद्दल. या गटात सूर मारायला बंदी नको. पोरांना झेपावण्यापासून ब्रह्मदेवही अडवणार नाही. पण त्याला वेगळे गुण नकोत. ज्या दिवशी तालुक्यातल्या प्रत्येक मैदानावर मऊ माती असेल, त्या दिवशी पुन्हा बोलू.

चौथी सूचना सामन्याच्या नियमाची नव्हे, स्पर्धेच्या आखणीची. आज तालुक्याची स्पर्धा बाद पद्धतीने होते. पहाटे उठून, डबा बांधून, दीड तास गाडीत हिंदकळत आलेला संघ अर्ध्या तासात हरतो आणि दिवसभर झाडाखाली बसून दुसऱ्यांचे सामने पाहतो. तीन-तीन संघांचे गट करा. प्रत्येक संघाला निदान दोन सामने मिळू द्या. दोन दिवस लागले तर लागू देत.

आणि पाचवी सूचना ही, की याहून अधिक नियम करू नयेत. 'प्रत्येकाला एकदा तरी खो दिलाच पाहिजे' असाही नियम करा, असे मला एकाने सुचवले. मी नको म्हटले. खो कोणाला द्यायचा, कोणत्या क्षणी द्यायचा, हे त्या धावणाऱ्या पोराने क्षणार्धात ठरवायचे असते. खेळाचे काळीज तेथे आहे. तेथे पंचाने हात घालू नये. ज्याला पळती शिकवली आहे, ज्याच्या अंगात धावण्याची ऊब आहे, त्याला खो देताना सोबती कचरणार नाहीत, एवढी मला खात्री आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप नेहमीचा: "ही तर दया झाली, खेळ कसला?" आपल्याकडे गल्लीतल्या पोरांनी दयेसाठी एक स्वतंत्र पद निर्माण केले आहे. त्याला 'कच्चा लिंबू' म्हणतात. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याला राज्य द्यायचे नाही, त्याची बादी मोजायची नाही. मी कच्चा लिंबू मागत नाही. उलट माझी तक्रारच अशी आहे की शाळेच्या संघातला नववा गडी आज नाव असलेला कच्चा लिंबू झाला आहे. त्याला आत पाठवा आणि पाचव्या सेकंदाला बाद होऊ द्या. त्याची बादी मोजा, संघाचा गुण जाऊ द्या. बाद होण्याचा हक्कही त्याला आज नाही, हे माझे दुःख आहे.

दुसरा आक्षेप: "अशाने चांगला खेळाडू खच्ची होईल, मग देशाला विजेते कोठून मिळणार?" उलट विचारतो: बाराव्या वर्षी चांगला कोण, हे तुम्ही ठरवता कशावरून? शालेय स्पर्धांत वयाची रेघ 1 जानेवारीला असते. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला ही दोन मुले एकाच गटात खेळतात. दोघांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते आणि त्या वयात वर्ष म्हणजे चार बोटे उंची. कॅनडात बर्फावरच्या हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा रॉजर बार्न्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि 1985 साली प्रसिद्ध केल्या. तेथेही रेघ 1 जानेवारीचीच. आणि वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी, शेवटच्या तीन महिन्यांतले विरळ. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांच्या पायांत देव बळ कमी घालत नाही. ती लहानपणी थोडी लहान दिसतात, म्हणून त्यांना बाजूला बसवले जाते; बसल्यामुळे ती मागे पडतात; आणि मागे पडली म्हणून आपण म्हणतो, 'पाहा, याच्यात दम नव्हताच.' विजेते गमावण्याची भीती असेल, तर ती याची बाळगा.

तिसरा आक्षेप: "जगात कोठे असे करतात?" करतात. अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉलमध्ये संघातल्या प्रत्येक मुलाला काही काळ मैदानावर आणि निदान एकदा फळी हाती मिळालीच पाहिजे असा नियम आहे. आणि कोवळे खांदे जपण्यासाठी एका मुलाने दिवसात किती चेंडू टाकावेत याला 2007 पासून मोजून मर्यादा आहे. फुटबॉलवेड्या जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून लहान मुलांचा फुटबॉल बदलला: दोन-दोन, तीन-तीन मुलांचे संघ, चार छोटे गोल, आणि ठरल्याप्रमाणे खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे कोणी बाकावर सडू नये. तिकडेही जाणत्यांनी आरडाओरड केली की अशाने मुले हरायला शिकणार नाहीत. ज्या देशाने चार वेळा विश्वचषक जिंकला त्याला मुलांच्या भल्यासाठी नियम बदलताना कमीपणा वाटला नाही; आपल्याला का वाटावा?

परंतु माझा खरा मुद्दा याच्याही पलीकडचा आहे. नियम सामन्यासाठी केलेला असतो, पण तो बदलतो सराव. आज नववा गडी आत जाणारच नाही हे शिक्षकाला ठाऊक असते. म्हणून सोमवार ते शनिवार सगळी मेहनत पहिल्या तिघांवर होते आणि नवव्याला चेंडू-फक्की आणायला पाठवतात. उद्या तोही दोन मिनिटे वीस सेकंद आत जाणार आहे असे ठरले, तर तोच शिक्षक सोमवारी सकाळी त्याला हाक मारील: "ये रे, साखळी कशी धरायची ते दाखवतो." एवढ्या एका हाकेसाठी माझा हा सगळा खटाटोप आहे.

येथे आमच्या धंद्याबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख लबाडीचा होईल. मुलांच्या खेळातला सर्वांत मोठा अन्याय कोणत्याही नियमाने होत नाही. तो आमच्या हातून होतो. चौदा वर्षांखालच्या सामन्यात मिसरूड फुटलेला गडी उतरतो, तेव्हा त्याच्या जन्मतारखेच्या दाखल्यावर कोणा मोठ्या माणसाचीच सही असते. हे का होते तेही उघड आहे. खेळाडूला दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखीव आहेत. या सवलती चांगल्या आहेत. गरिबाघरच्या कितीतरी मुलांचे त्यांनी भले केले आहे. परंतु त्या वरच्या शिडीची घाई खालच्या पायरीपर्यंत झिरपली आहे. बारा वर्षांच्या पोरांच्या सामन्यात शाळेला ढाल हवी, पालकांना प्रमाणपत्र हवे, मास्तरांना वर्तमानपत्रात छायाचित्र हवे. या सगळ्यांच्या हव्यासात पोराला धावायचे होते, ही गोष्ट राहूनच जाते. खोट्या दाखल्यावर कोणताही नवा नियम उपाय नाही. सही करणाऱ्याने सही करू नये, एवढाच उपाय आहे, आणि तो आजपासून करता येतो.

पालकांनाही एक विचारायचे आहे. मूल मैदानावरून घरी आले की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "जिंकलात का?" त्या मुलाच्या आईने तसे विचारले असते तर त्याला अडचण नव्हती, आम्ही जिंकलोच होतो. पण ती माउली "खेळलास का?" असे विचारणार होती, म्हणून तो अडला. तिचा प्रश्न आमच्या सगळ्या स्पर्धांच्या नियमावलीपेक्षा शहाणा आहे.

नियम बदलण्याचा अधिकार मला नाही. तो ज्यांना आहे त्यांनी या लेखाकडे पाहावे न पाहावे. परंतु एक गोष्ट माझ्या हाती होती आणि ती मी केली. आमच्या शाळेतल्या वर्गावर्गांच्या सामन्यांसाठी क्रीडाशिक्षकांना मी ही दोन मिनिटे वीस सेकंदांची कल्पना सांगितली. ते प्रथम हसले. "कादंबरीकारांनी कादंबऱ्या लिहाव्यात," म्हणाले. मग शिट्टी गळ्यात अडकवून म्हणाले, "बरे, एक शनिवार करून पाहू." दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही करून पाहिले. गोंधळ झाला, घड्याळ दोनदा चुकले, मुलांनी नाबादांच्या गुणांवरून हुज्जत घातली. पण कडेला बसून दगड मारणारे, कागदाची विमाने उडवणारे एकही मूल दिसले नाही. जो तो उठून पायांवर उभा, आपली पाळी आता येतेच आहे म्हणून.

तो किडकिडीत मुलगा तिसऱ्या तुकडीत आत गेला. पहिली हुलकावणी त्याने छान दिली, दुसऱ्या वेळी घसरला आणि बाद झाला. वीस-पंचवीस सेकंदांचा मामला. बाहेर येताना त्याने गुडघे झटकले आणि माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी त्याने मला काही विचारले नाही.